एडिसन आणि त्याचें बोलकें यंत्र

थॉमस आल्वा एडिसन हें नांव उच्चारतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें विजेचा दिवा उभा राहतो. क्रमिक पुस्तकांनीं ही सांगड इतकी पक्की केली आहे कीं, त्या दिव्याच्या झगझगाटांत या विलक्षण पुरुषाच्या आयुष्याच्या इतर बाजू दिसेनाशा झाल्या आहेत. दिव्याची गोष्ट सरळ होती. दिवा लावला म्हणजे उजेड पडतो, आणि लोकांस उजेडच हवा होता. परंतु एडिसनच्या हातून असेंहि एक यंत्र निर्माण झालें कीं, तें कशासाठीं आहे याविषयीं त्याचें आणि जगाचें कित्येक वर्षें पटलें नाहीं. तें यंत्र म्हणजे फोनोग्राफ. त्या यंत्राच्या अनुषंगानें एडिसनचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजीं अमेरिकेच्या ओहायो संस्थानांत मिलान या गांवीं झाला. तो सात वर्षांचा असतां त्याचें कुटुंब मिशिगन संस्थानांत पोर्ट ह्यूरन येथें राहावयास गेलें. शाळा त्याच्या वांट्यास फारच थोडी आली. मुलगा मंद आहे असें तेथील शिक्षकांस वाटलें. त्याच्या आईस मात्र तें मुळींच मान्य झालें नाहीं. ती स्वतः पूर्वीं शिक्षिका होती. तिनें मुलास घरीं बसवून शिकविलें व पुस्तकांची गोडी लावली. बाराव्या वर्षीं तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या आगगाडींत वर्तमानपत्रें आणि खाऊ विकूं लागला. पुढें १८६२ सालीं त्यानें गाडीच्या सामानाच्या डब्यांत लहानसें छापण्याचें यंत्र मांडलें आणि स्वतःचें एक चिमुकलें वृत्तपत्र काढून तें उतारूंस विकलें. त्याच वर्षीं एका स्टेशनमास्तरचें लहान मूल त्यानें रुळांवरून येणाऱ्या डब्यापुढून उचलून वांचविलें. त्या कृतज्ञ पित्यानें त्यास तारायंत्राची विद्या शिकविली, आणि तेथून त्याच्या भाग्याचा मार्ग खुला झाला. बालपणापासूनच त्यास ऐकूं कमी येई व वयाबरोबर तें वाढत गेलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

त्याचें पहिलें पेटंट १ जून १८६९ चें. कायदेमंडळांत मतें मोजण्यास फार वेळ जातो हें पाहून त्यानें विजेचें मतनोंदणी यंत्र तयार केलें. सभासदानें आपल्या जागेवरून कळ फिरवावी कीं त्याचें मत तत्काळ नोंदलें जावें, अशी ती योजना. यंत्र निर्दोष होतें. तें घेऊन तरुण एडिसन मोठ्या आशेनें वॉशिंग्टनला गेला; परंतु राजकारणी मंडळींस तें नकोसें झालें. मतदानास लागणारा वेळ हेंच अल्पमतवाल्यांचें हत्यार होतें. तेवढ्या अवधींत नको असलेलें विधेयक अडवितां येई व मनें वळवितां येत. जो विलंब एडिसननें दोष म्हणून काढून टाकला, तोच त्यांस गुण म्हणून हवा होता! निराश होऊन परतलेल्या एडिसननें निश्चय केला कीं, जें कोणासहि नको असेल तें यापुढें आपण शोधावयाचें नाहीं. निश्चय उत्तम होता. पण लोकांस काय हवें हें आधीं ओळखावयाचें कसें, हा प्रश्न त्यानें सुटत नव्हता.

पुढें शेअरबाजाराचे भाव छापणाऱ्या तारायंत्रांत त्यानें सुधारणा केल्या व त्यांवर भरपूर पैसा मिळविला. १८७१ मध्यें त्याचें लग्न झालें. आपल्या पहिल्या दोन मुलांस तो तारायंत्राच्या खुणांवरून लाडानें टिंब आणि रेघ अशा अर्थाच्या नांवांनीं हांक मारी! १८७६ सालीं न्यू जर्सींतील मेन्लो पार्क या खेड्यांत त्यानें आपली प्रसिद्ध प्रयोगशाळा उभारली.

येथेंच १८७७ मध्यें फोनोग्राफ जन्मास आला. तारेचे संदेश कागदावर खांचांच्या रूपानें उमटवून ते पुनः पाठविण्याच्या यंत्रावर तो काम करीत होता, आणि त्याच सुमारास टेलिफोनच्या सुधारणेंतहि गुंतला होता. खांचा पाडलेला कागद वेगानें फिरूं लागला म्हणजे त्यांतून गुणगुणल्यासारखा आवाज येतो हें त्याच्या ध्यानांत आलें. मग बोलण्याच्याच खांचा कां पाडूं नयेत? त्यानें आराखडा काढून आपला कुशल कारागीर जॉन क्रूसी याच्या हातीं दिला. यंत्र अगदीं साधें होतें. पितळेच्या नळकांड्याभोंवतीं कथिलाचा पातळ वर्ख गुंडाळलेला. त्याला टेकलेली एक सुई. सुईमागें ताणलेला पातळ पडदा. नळकांडें हातानें फिरवीत पडद्याजवळ बोललें कीं पडदा थरथरे आणि सुई वर्खावर उंचसखल खांच पाडी. सुई पुनः आरंभीं नेऊन नळकांडें फिरविलें कीं त्याच खांचेंतून जातांना पडदा तसाच थरथरे व तेच शब्द बाहेर पडत. एडिसननें प्रथम मुलांचें एक बालगीत त्यांत म्हटलें. यंत्रानें तें परत म्हणून दाखवितांच आजूबाजूची मंडळी स्तब्ध झाली. एडिसन स्वतःहि चकित झाला. पहिल्याच प्रयत्नांत यश देणाऱ्या यंत्राविषयीं त्यास नेहमींच संशय वाटत असे. १८७८ च्या एप्रिलांत त्यानें तें राष्ट्राध्यक्ष हेज यांस त्यांच्या निवासस्थानीं रात्रीं उशिरापर्यंत ऐकविलें.

आतां या यंत्राचें करावयाचें काय? त्याच वर्षीं एडिसननें नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू या मासिकांत लेख लिहून त्याचें उत्तर दिलें. त्यांत त्यानें फोनोग्राफचे दहा उपयोग सांगितले. पहिला मान त्यानें पत्रलेखनास व कचेरींतील मजकूर सांगण्यास दिला: व्यापाऱ्यानें यंत्रापुढें बोलावें, वर्ख टपालानें पाठवावा, व पलीकडच्यानें तो आपल्या यंत्रावर ऐकावा. दुसरा, अंधांसाठीं बोलकीं पुस्तकें. तिसरा, वक्तृत्वाचें शिक्षण. चौथ्या स्थानावर गायनवादन आलें. त्यानंतर घरांतील माणसांचे आवाज व मरणोन्मुख माणसाचे अखेरचे शब्द जतन करणें. बोलक्या बाहुल्या व खेळणीं. वेळ सांगणारीं घड्याळें. भाषांचे खरे उच्चार टिकविणें. शिक्षकाचें स्पष्टीकरण विद्यार्थ्यास हवें तेव्हां पुनः ऐकविणें. आणि शेवटीं टेलिफोनवरील संभाषणाची नोंद. आमच्या मतें एवढ्या दूरदृष्टीची यादी कोणा संशोधकानें क्वचितच केली असेल. तीमध्यें चुकीचें असें जवळजवळ कांहींच नव्हतें. चुकला होता तो केवळ अनुक्रम.

लोकांनीं प्रथम त्या यंत्राचा तमाशा केला. गांवोगांव तिकिटें लावून खेळ झाले. कोणी शिट्ट्या वाजविल्या, कोणी कोंबड्यासारखें आरवून दाखविलें, आणि यंत्रानें सर्वांची हुबेहुब नक्कल केली. परंतु वर्ख चार-दोन वेळां वाजविला कीं निकामी होई. वर्षभरांत नवलाई ओसरली. एडिसनहि विजेच्या दिव्याकडे वळला. १८७९ सालीं दिवा यशस्वी झाला व १८८२ मध्यें न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून घरोघर वीज जाऊं लागली. तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. फोनोग्राफ मात्र दहा वर्षें धूळ खात पडला.

त्यास जागें केलें प्रतिस्पर्ध्यांनीं. चिचेस्टर बेल आणि टेंटर या दोघांनीं वर्खाऐवजीं मेणावर आवाज कोरण्याची रीत काढून १८८६ मध्यें पेटंट मिळविलें. आपलें मूल दुसऱ्याच्या घरीं वाढतांना पाहून बापास जें वाटावें तेंच एडिसनला वाटलें असावें. त्यांच्याशीं भागीदारी नाकारून तो पुनः कामास लागला, आणि १८८८ च्या जूनमध्यें त्यानें मेणाच्या नळकांड्यांचा सुधारलेला फोनोग्राफ पुरा केला. मेणाचा पृष्ठभाग तासून त्यावर पुनः बोलतां येई. ही सोय गाण्यासाठीं नव्हे, कचेरीसाठीं होती हें उघड आहे. लिपिनकॉट नांवाच्या धनिकानें कंपनी काढून हीं यंत्रें वर्षाला ४० डॉलर भाड्यानें कचेऱ्यांस देण्यास आरंभ केला. परंतु यंत्रें वारंवार बिघडत. ज्यांच्या पोटावर पाय येणार होता ते लघुलेखक त्यांच्याविरुद्ध उठले. कंपनीचा धंदा बसत चालला. १८९० मध्यें एडिसननें बोलक्या बाहुल्या विकावयास काढल्या, त्याहि थोड्याच आठवड्यांत बंद कराव्या लागल्या. त्या नाजूक होत्या व त्यांचा आवाज कर्कश होता.

अशा स्थितींत सॅन फ्रान्सिस्को येथें एक चमत्कार घडला. तेथील भाडेकरी कंपनीचा व्यवस्थापक लुई ग्लास यानें २३ नोव्हेंबर १८८९ रोजीं एका मद्यगृहांत फोनोग्राफ ठेवला व त्यास नाणें टाकण्याची पेटी जोडली. पांच सेंटांचें नाणें टाकावें, नळी कानास लावावी आणि गाणें ऐकावें! नळ्या अनेक असल्यानें एकाच वेळीं अनेक जण आपापलें नाणें टाकून ऐकूं शकत. सहा महिन्यांच्या आंत त्या एका यंत्रानें हजारावर डॉलर मिळवून दिले. कचेऱ्यांतून ४० डॉलर भाडें वसूल करतां करतां जे थकले होते, ते सर्व या पेटीकडे धांवले.

एडिसनला हें रुचलें नाहीं. आपलें गंभीर यंत्र लोक खेळणें समजूं लागतील, मग व्यापारी त्यास हातहि लावणार नाहींत, अशी त्याची तक्रार होती. मतनोंदणी यंत्राच्या वेळचा निश्चय तो विसरला होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. लोकांस नको तें करावयाचें नाहीं हें त्यानें पाळलें होतें. लोक यंत्रास भलतेंच काम सांगूं लागले तर तेंच मान्य करावयाचें, हें त्या निश्चयांत कोठें होतें? शिवाय ज्यास नीट ऐकूं येत नाहीं त्यानें संगीताच्या मोहिनीचा अंदाज बांधावा कसा?

१८९४ मध्यें लिपिनकॉटची कंपनी बुडाली. १८९६ सालीं एडिसननें नवी कंपनी काढून, चावी देऊन चालणारे घरगुती फोनोग्राफ विकण्यास आरंभ केला. कांहीं वर्षांपूर्वीं दीडशें डॉलरला पडणारें यंत्र १८९८ मध्यें २० डॉलरला, तर त्याचें सर्वांत लहान रूप १८९९ मध्यें साडेसात डॉलरला मिळूं लागलें. एकदां गाण्याचा मार्ग पत्करल्यावर मात्र त्यानें हयगय केली नाहीं. आपल्या कंपनीनें कोणतें गाणें काढावें हें तो बहिरा मनुष्य स्वतः ठरवी! यंत्राचें लांकूड दांतांत धरून तो कवटीच्या हाडांतून सूर ऐके. पण येथेंहि त्याचें लोकांशीं जमलें नाहीं. सूर व ध्वनि शुद्ध असावा, गाणारा कोण यास महत्त्व नाहीं, असें त्यास वाटे. त्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायकांचीं नांवें देखील नसत. लोकांस तर नांव हवें होतें. बर्लिनर याच्या चपट्या तबकडीच्या ग्रामोफोनवर कॅरूसोसारखे प्रख्यात गायक ऐकूं येत. तबकडी ठेवण्यास सोपी, छापण्यास सोपी. तिजवर घरीं स्वतःचा आवाज उतरवितां येत नसे, एडिसनच्या नळकांड्यावर तो येई. एडिसनला हा मोठा गुण वाटला. गिऱ्हाइकांस त्याचें फारसें सुखदुःख नव्हतें. १९१२ च्या सुमारास त्यानें तबकडी पत्करली, पण उशीर झाला होता. १९२९ च्या ऑक्टोबरांत त्याच्या कंपनीनें गाण्यांचा धंदा बंद केला. राहिलें काय, तर कचेरींत मजकूर सांगण्याचें यंत्र, म्हणजे यादींतील पहिला उपयोग.

चलच्चित्रांविषयींहि त्याची कल्पना अशीच होती. एका वेळीं एकानेंच डोकावून पाहावयाची पेटी त्यानें प्रथम काढली. लोकांस तर अंधारांत शेंकडों जणांसह बसून पाहावयाचें होतें. १९१३ मध्यें त्यानें असें भाकीत केलें कीं, दहा वर्षांत शाळांतून पुस्तकें जातील व सर्व शिक्षण चित्रपटांनीं होईल. आमच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरांचें वजन पाहतां या भाकितावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाहीं.

इकडे हिंदुस्थानांत १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्ग यानें कलकत्त्यास गौहर जान हिचें गाणें उतरविलें, आणि पाहतां पाहतां या वस्तूनें आमच्या देशांतहि घर केलें. बालगंधर्वांचें नाटक जेथें कधींच जाऊं शकत नव्हतें, तेथें त्यांची पदें तबकडीवरून गेलीं. तासभर चालणारा ख्याल तीन-चार मिनिटांत बसविण्याची किमया गायकांस शिकावी लागली; कोणी ती विटंबना मानली, कोणी कला. अब्दुल करीम खांसाहेबांच्या ठुमरीची तबकडी ऐकून गदगकडील भीमसेन जोशी नांवाचा मुलगा असा वेडावला कीं, १९३३ सालीं गुरूच्या शोधांत त्यानें घर सोडलें. वक्तृत्व शिकवील म्हणून ज्या यंत्राकडे एडिसननें पाहिलें, त्यानें एका मुलास घराबाहेर काढून गवई केलें! यादींतील भाषांचा उपयोगहि येथें साधला. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषाविषयक पाहणीसाठीं १९१३ ते १९२९ या काळांत हिंदुस्थानांतील अनेक भाषा व बोली तबकड्यांवर उतरविल्या गेल्या, आणि त्यांत उधळ्या पुत्राचा दाखला निरनिराळ्या बोलींतून ऐकावयास मिळतो.

एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ रोजीं वेस्ट ऑरेंज येथें वारला. त्याच्या नांवावर अमेरिकेंत १०९३ पेटंटें होतीं. तीन वर्षांनीं, १९३४ मध्यें, अमेरिकेंत अंधांसाठीं बोलक्या पुस्तकांच्या तबकड्या निघाल्या. टेलिफोनवरील निरोप टिपून ठेवणारीं यंत्रेंहि कालांतरानें आलीं. आणि यादींतील पहिली कल्पना, आवाजाचें पत्र? ज्यांस लिहिण्याचा सराव नाहीं अशा कित्येक आज्या आज परगांवच्या नातवंडांस मोबाइलवर बोलून निरोप धाडतात, व नातवंडें सवडीनें तो ऐकतात. कथिलाचा वर्ख नाहीं, टपाल नाहीं, आणि व्यापारी तर मुळींच नाहीं. बहुधा तो निरोप जेवण वेळेवर करीत जा, एवढाच असतो.