हरणांची गर्दी आणि बर्फाचा हिशेब

शिकारी आधी वारा बघतो. आपला वास हरणाला लागला की दिवस फुकट. आल्डो लिओपोल्ड हे धडे लहानपणीच शिकले. १८८७ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात, मिसिसिपीकाठच्या बर्लिंग्टन गावी त्यांचा जन्म झाला. वडील त्यांना बदकांच्या शिकारीला नेत. वनशास्त्र शिकून १९०९ मध्ये ते वनखात्यात लागले. हरणे वाढावीत म्हणून लांडगे मारावेत, असे तेव्हा त्यांनाही वाटे. ते मत पुढे पार बदलले.

१९३३ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. दोन वर्षांनी त्यांनी एक नापीक शेत विकत घेतले आणि तिथल्या कोंबड्यांच्या खुराड्याची झोपडी केली. बर्फ कधी वितळला, कोणते फूल कधी उमलले, याच्या नोंदी ते नेमाने ठेवत.

हवामान आणि प्राणी यांची अशी सांगड घालण्याची सवय होती म्हणूनच १९४० च्या दशकातला हरणांचा प्रश्न त्यांना वेगळा दिसला. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये हिवाळ्यात हरणांचे कळप दाटीवाटीने दिसत. लोक म्हणत, हरणे मुबलक आहेत, चिंता कसली! पण ही गर्दी बर्फाने घडवलेली होती. खोल बर्फात हरणाचे बारीक खूर रुततात आणि चालण्यातच ताकद संपते. म्हणून ती सूचिपर्णी झाडांच्या दलदलीत गोळा होतात. तिथे वारा कमी लागतो, फांद्यांखाली बर्फही कमी साचतो. शरदात साठवलेल्या चरबीवर आणि झाडपाल्यावर थंडी काढायची असते. कळप मोठा असला की मान पुरते तिथवरचा पाला संपतो. उंच नर वरचे ओरबाडतो, पाडसाचे तोंड पोचत नाही. आधी पाडसेच मरतात.

यावर लिओपोल्ड यांचा उपाय कठोर होता: केवळ नर नव्हे, माद्याही मारू द्या, कळप आटोक्यात आणा. राज्याच्या संवर्धन आयोगावर असताना त्यांनी तो लावून धरला. १९४३ च्या हंगामात सुमारे १ लाख २८ हजार हरणे मारली गेली आणि लोक खवळले. शिकारी त्यांच्यावर उलटले. स्वतः शिकारी असलेल्या माणसाला हे झोंबले असणारच. तरी ते मतावरून हटले नाहीत. पुढच्या वर्षी आयोगाने पुन्हा केवळ नरांचीच शिकार खुली ठेवली.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजारच्या शेतातला वणवा विझवताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १९४९ मध्ये विस्कॉन्सिनने माद्यांच्या शिकारीला पुन्हा परवानगी दिली.