आधी मोजणी, मग मंजुरी : सर विश्वेश्वरय्यांची कामाची रीत

१५ सप्टेंबर हा अभियंता दिन. त्या दिवशी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या फोटोला हार पडतो, चार भाषणं होतात आणि संपतं. धरणं बांधणारा मोठा इंजिनिअर एवढीच त्यांची ओळख उरली आहे. पण या माणसाची खरी ताकद वेगळीच होती. हातात माहिती आल्याशिवाय ते निर्णय घेत नसत, आणि माहिती आली की मग कुणाची भीडही ठेवत नसत.

पुण्यात शिक्षण, नाशिकला नोकरी

म्हैसूर संस्थानातल्या चिक्कबळ्ळापूरजवळचं मुद्देनहळ्ळी हे त्यांचं गाव. वडील लहानपणीच गेले, घरची स्थिती बेताची. शिकवण्या करून बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमधून ते १८८१ मध्ये पदवीधर झाले. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नाशिकला असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं त्यांची नोकरी मुंबई इलाख्यातच झाली. खानदेश, सिंधमधलं सक्कर, पुणे, असा तो प्रवास. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, विजापूर या शहरांच्या पाणीपुरवठ्याशीही त्यांचा संबंध आला. आज सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे असलेल्या दोन्ही बाजूंना त्यांचं देणं आहे ते असं.

खडकवासल्याचे दरवाजे

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासल्याच्या तलावातून दर पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात ओढाताण होई. धरणाची भिंत उंच करा, हा सरळ उपाय. पण त्याला खर्च मोठा आणि जुन्या भिंतीवर भारही वाढणार. विश्वेश्वरय्यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. पूर ओसरल्यावरचं पाणी अडवलं तर? १९०३ मध्ये त्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे स्वतःच उघडायचे आणि उतरलं की बंद व्हायचे. भिंत न वाढवता साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वर गेली.

त्याच सुमारास कालव्याच्या पाण्याचा वाद होता. जो तो हवं तेव्हा, हवं तेवढं पाणी घ्यायचा. कुठे पाणी वाया, कुठे कोरड. पाणी मोजून, पाळीने द्यायचं म्हटल्यावर शेतकरी बिथरले आणि पुण्यातल्या वृत्तपत्रांनीही टीका केली. विश्वेश्वरय्यांनी हट्ट धरला नाही. योजना बदलून गटपद्धत मांडली : जमिनीचे गट पाडायचे, गटातल्या काही भागातच उसासारखं जास्त पाण्याचं पीक घ्यायचं, बाकीत कमी पाण्याचं, आणि पिकांची फेरपालट करायची. त्याच पाण्यात जास्त शेतकऱ्यांना वाटा मिळेल हा हिशेब होता. नीरा कालव्यावर ही पद्धत आली.

हैदराबादचा पूर

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद बुडवलं. हजारो माणसं गेली. विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई सरकारची नोकरी सोडून परदेशात फिरत होते. निजाम सरकारने त्यांना बोलावलं आणि १९०९ मध्ये ते आले.

शहर हादरलेलं होतं. नदीकाठी उंच भिंती बांधून मोकळं होता आलं असतं. त्यांनी आधी पाऊस किती पडला, कुठे पडला, पाणी कुठून आलं हे शोधलं. शहराच्या वरच्या अंगाला सुमारे ८६० चौरस मैलांचं पाणलोट क्षेत्र आणि त्यात ७८८ तलाव. त्यातले २२१ फुटले होते. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस झाला होता. म्हणजे पावसाच्या पाण्यात फुटक्या तलावांचं पाणी मिसळलं आणि ते एकदम शहरावर आलं.

दुखणं वर होतं, तेव्हा औषधही वरच हवं. मुसी आणि ईसा या दोन्ही नद्यांवर शहराच्या वरच्या बाजूला मोठे जलाशय बांधून पूर तिथेच थोपवावा, अशी त्यांची शिफारस. त्यातून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. हैदराबादच्या कित्येक पिढ्या या तलावांचं पाणी प्यायल्या.

कृष्णराजसागर

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, १९१२ मध्ये दिवाण. कावेरीवरच्या धरणाला दरबारातच विरोध होता. एवढा पैसा परत कसा येणार, हा प्रश्न गैर नव्हता. विश्वेश्वरय्यांनी उत्पन्नाची बाजू मांडली. शिवनसमुद्रच्या वीजकेंद्रातून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जाई, पण उन्हाळ्यात नदी आटली की वीज घटे. धरण झालं तर वीज बारमाही मिळणार, शिवाय मंड्या भागाला पाणी. महाराजांना पटलं. मद्रास सरकारने ८० फुटांचीच परवानगी दिली होती. तरी पाया मात्र १२४ फुटांच्या धरणाचा घातला गेला. यात जोखीम मोठी होती. १९२४ च्या करारानंतर ती उंची मान्य झाली.

जिथे आकडे पटले नाहीत

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत एकाच समाजाचं प्राबल्य होतं, तेही आकड्यांतच दिसत होतं. त्यासाठी महाराजांनी १९१८ मध्ये मिलर समिती नेमली. गुणवत्ता हाच निकष हवा, या मतावर विश्वेश्वरय्या ठाम राहिले आणि त्याच वर्षी दिवाणपद सोडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच राखीव जागांचा निर्णय घेतला होता. पाण्याचं वाटप ज्यांनी मोजून केलं, त्यांना संधीचं वाटप तसं मोजावंसं वाटलं नाही. मोठ्या माणसाचीही नजर कुठेतरी अडते.

१९३४ मध्ये त्यांनी देशाच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं, १९६२ च्या एप्रिलमध्ये बंगळूरला त्यांचं निधन झालं.

आज आपल्या नगरपालिकेत पाण्याची गळती किती, टँकरच्या फेऱ्या किती, नालेसफाईनंतर पाणी कुठे तुंबलं, हे विचारलं तर किती ठिकाणी नोंद निघेल? हाराच्या खर्चात एक पर्जन्यमापक येतो. अभियंता दिनी तो बसवला आणि रोज वाचला, तर विश्वेश्वरय्यांना जास्त आवडलं असतं.