चढाला दात्यांचा उतारा

घोडबंदरहून ठाण्याकडे सायकलने निघाले की गायमुखचा चढ लागतो. बिनगिअरच्या साध्या सायकलवर इथे उभे राहून पॅडल मारावे लागते आणि गुडघे कुरकुरू लागतात. दोष दर वेळी पायांचा नसतो. पुष्कळदा तो दात्यांच्या गणिताचा असतो. हे गणित लोकांना पटवण्यात पॉल द व्हिव्ही या फ्रेंच माणसाचे आयुष्य गेले. सायकलस्वार त्यांना ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखतात.

त्यांचा जन्म १८५३ चा, दक्षिण फ्रान्समधला. रेशमाचा व्यापार सोडून त्यांनी सेंट एटिएन शहरात सायकलचे दुकान थाटले आणि १८८७ मध्ये सायकलींवरचे नियतकालिक सुरू केले. शहराजवळच ११६१ मीटर उंचीची खिंड होती. एकदा तिथे चढताना तोंडात पाइप असलेला एक तरुण त्यांना सहज मागे टाकून गेला, असे सांगतात. वेलोसिओ मात्र विचारात पडले. सपाटीला योग्य असलेली चक्रे चढावर जड पडतात. मग त्यांनी पुढे लहान-मोठी दोन चक्रे बसवली. चढ आला की खाली उतरून हाताने चेन लहान चक्रावर घ्यायची. पुढे चालत्या सायकलवर चेन सरकवणाऱ्या गिअरचे ते खंदे पुरस्कर्ते झाले.

त्यांची टिंगल झाली. गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय, असे शर्यतवाले मानत. १९०२ मध्ये डोंगरी रस्त्यांवरच्या एका शर्यतीत मार्थ हेस ही महिला तीन गिअरच्या सायकलवर बसून, एकाच गिअरवर झुंजणाऱ्या नामांकित शर्यतपटूच्या पुढे गेली. तरीही ‘टूर द फ्रान्स’चे आयोजक आंरी देग्रांज यांच्या मते गिअर पंचेचाळिशीपुढच्यांसाठीच होते. त्या शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्रणेला मुभा मिळाली ती १९३७ मध्ये. वेलोसिओ १९३० मध्येच सेंट एटिएनच्या रस्त्यावर ट्रामच्या धडकेने गेले होते.

त्यांनी घालून दिलेले आरोग्याचे नियमही साधे होते. भूक लागण्याआधी थोडे खावे, तहान लागण्याआधी पाणी प्यावे, थकून जाईपर्यंत ताणू नये, आणि निव्वळ दिमाखासाठी पॅडल मारू नये.

त्यांचा धडा साध्या सायकललाही लागू होतो. पुढे ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले की ते २ वेळा फिरते. पॅडलवर लावायचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. मात्र तेवढाच वेग ठेवायचा तर पाय अधिक भराभर हलवावे लागतात, आणि सपाटीवर सायकल पूर्वीइतकी पळत नाही. चेनला एक-दोन कड्या वाढवाव्या लागू शकतात. सायकलच्या दुकानात हे काम थोडक्यात होते.

चढ तसाच राहतो, फक्त तो लहान लहान हप्त्यांनी चढता येतो. वेलोसिओंनी हेच सांगितले: सायकल पायांच्या मापाची हवी, पाय सायकलच्या मापाचे नव्हेत.