४२व्या वर्षीचे पदार्पण

ज्या वयात बहुतेक खेळाडू निवृत्तीनंतरचे आयुष्य जगत असतात, त्या वयात सॅचेल पेज यांनी अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये पदार्पण केले. ९ जुलै १९४८ रोजी क्लीव्हलँड इंडियन्स संघाकडून ते मैदानात उतरले, तेव्हा त्यांनी वयाची ४२ वर्षे पूर्ण करून अवघे दोन दिवस झाले होते. या विलंबाचे कारण त्यांच्या खेळात नव्हते, कातडीच्या रंगात होते.

लिरॉय रॉबर्ट पेज यांचा जन्म ७ जुलै १९०६ रोजी अलाबामातील मोबील येथे गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. रेल्वे स्थानकावर प्रवाशांच्या पिशव्या वाहताना त्यांना ‘सॅचेल’ हे नाव चिकटले. चोरीच्या आरोपावरून त्यांची रवानगी सुधारगृहात झाली आणि तेथेच त्यांची पिचर म्हणून जडणघडण झाली. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचे जे स्थान, तेच बेसबॉलमध्ये पिचरचे. मेजर लीगची दारे कृष्णवर्णीयांना बंद असल्याने १९२६पासून ते निग्रो लीगमध्ये खेळले. त्यांची उमेदीची दोन दशके तेथेच सरली.

१९४७मध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी वर्णभेदाची भिंत ओलांडली आणि पुढच्याच वर्षी पेज यांना बोलावणे आले. ही केवळ गर्दी खेचण्याची युक्ती असल्याची टीका झाली. पेज यांनी सहा विजय आणि एकच पराभव अशा कामगिरीने तिला उत्तर दिले. २० ऑगस्टला त्यांचा खेळ पाहण्यासाठी क्लीव्हलँडमध्ये ७८ हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले. त्या वर्षी संघाने वर्ल्ड सीरिज जिंकली. या स्पर्धेत चेंडू टाकणारे ते पहिले कृष्णवर्णीय पिचर ठरले.

पुढे १९५१ ते १९५३ या काळात ते सेंट लुईस ब्राऊन्सकडून खेळले. १९६५मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी, कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सकडून अखेरच्या सामन्यात त्यांनी तीन डावांत एकही धाव दिली नाही. १९७१मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांना आधी वेगळ्या दालनात स्थान देण्याचे घाटत होते, टीकेनंतर बरोबरीचा सन्मान मिळाला. ८ जून १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

डिसेंबर २०२०मध्ये निग्रो लीगला मेजर लीगचा दर्जा देण्यात आला आणि २०२४मध्ये तेथील आकडेवारी अधिकृत विक्रमांत समाविष्ट झाली. कागदावरची अल्प कारकीर्द अशी दीर्घ झाली. मात्र, नाकारलेली वर्षे परत करण्याची सोय कोणत्याही विक्रमपुस्तिकेत नाही.