मिरजेचे फरीदसाहेब सतारमेकर

आपल्या मंडळाच्या भजनाला जो तंबोरा वाजतो, तो माझ्या सासूबाईंचा. त्यांच्यामागे पुष्कळ वर्षे तो गोधडीत गुंडाळून माळ्यावर पडला होता. खाली काढला तेव्हा भोपळ्याला चीर गेलेली. एका ओळखीच्या सुताराने ती बुजवून दिली. तंबोरा दिसायला नीट झाला, पण बोलेना. शेवटी तो घेऊन मी साताऱ्याहून मिरजेला गेले. तेथे सतारमेकर गल्लीत ज्यांचे नाव प्रत्येकाच्या तोंडी ऐकले, त्या फरीदसाहेबांची हकीकत भगिनींपुढे ठेवावी असे वाटले.

मिरज आपल्याला परकी नाही. १९४९ पासून १९६० पर्यंत ती ज्या जिल्ह्यात होती, त्याचे नावच दक्षिण सातारा. पुढे त्याचा सांगली जिल्हा झाला.

फरीदसाहेबांचे घराणे शिकलगारांचे. हत्यारे घडवावीत, तलवारींना धार लावावी, हा वडिलोपार्जित धंदा. पण काळ पालटला. १८४८ साली आपले साताऱ्याचे राज्य खालसा झाले. इंग्रजी अंमल पक्का झाला, फौजा घटल्या, तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. हातात कसब आहे आणि घरात काम नाही, अशी पाळी आली.

मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती, गवयांची ये-जा असे. वाद्य बिघडले तर जवळपास दुरुस्त करणारा कोणी नसे. तेव्हा फरीदसाहेबांचा हात पाहून हे काम त्यांच्याकडे आले, असे गल्लीत सांगतात. बंधू मोईनुद्दीन यांच्या साथीने त्यांनी हे शिकून घेतले आणि १८५० च्या सुमारास मिरजेत तंबोरे व सतारी होऊ लागल्या. लोखंडाचा हात लाकडावर बसवायचा म्हणजे सोपे नव्हे. पण धार लावणाऱ्याला केसाएवढा फरक कळतो, तोच गुण येथे उपयोगी पडला असेल, असे मला वाटते.

असे का वाटते, ते काम पाहिल्यावर कळले. भोपळा खाण्यातला नव्हे, कडू. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. पक्का वाळवून कापतात, भिजवून आत बांबूच्या काड्या लावून हवा तसा फुगवतात आणि पुन्हा वाळवतात. त्याला तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी आणि वर तबली बसवायची. मग नक्षी, रंग, लाखेचे पॉलिश, खुंट्या आणि तारा. पण सारे झाले तरी वाद्य मुकेच. घोडीचा माथा कानशीने घासून घासून जवारी काढावी, तेव्हा तार झंकारते. एक हात जास्त घासला की सूर गेला! हे कागदावर शिकवता येत नाही. मुलगा आधी घासकाम करतो, मग पॉलिश, मग जोडकाम; जवारी मात्र कान तयार झाल्यावरच.

पुढे मिरज गाण्याचे ठाणे झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच शिकले. अब्दुल करीम खाँसाहेब येथे राहिले आणि १९३७ साली निवर्तल्यावर येथल्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केले. गवयाला चांगले वाद्य हवे, कारागिराला चोखंदळ कान हवा. दोघे एकाच गावात भेटले. फरीदसाहेबांचे वंशज व त्यांच्याकडून शिकलेली घरे आजही हेच काम करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

माझा तंबोरा ज्या वृद्ध कारागिरांनी हाती घेतला, त्यांनी आधीची बुजवण उकरून चीर नव्याने जोडली, जवारी काढली. तारा छेडल्या मात्र, सासूबाईंच्या पहाटेच्या भजनाची आठवण होऊन माझे डोळे भरून आले. त्यांची नातवंडे मात्र हे शिकायला फारशी उत्सुक नाहीत. विजेवर चालणारा तंबोरा पेटीएवढा असतो, बटण दाबले की सुरू. गिऱ्हाईक कमी झाले, तर मुले कशासाठी बसतील?

फरीदसाहेबांवरही हीच वेळ आली होती. त्यांनी कसब टाकले नाही, त्याला नवे काम दिले. आपल्या हातून एवढे मोठे काही होणार नाही. पण कुणाच्या माळ्यावर तंबोरा असेल, तर तो खाली काढावा, जाणत्या हाताकडून नीट करून घ्यावा आणि दर गुरुवारच्या भजनाला आणावा. वाद्य वाजते राहिले, तरच ते घडवणारा हात राहील.