पोथी शुद्ध करणारे संत एकनाथ

संत एकनाथ महाराजांचा जन्म सुमारे १५३३ साली गोदावरीच्या काठी पैठण येथे झाला. आईवडील लहानपणीच वारले, म्हणून आजोबा चक्रपाणी यांनी त्यांना वाढवले. त्यांनी तहानलेल्या गाढवाला गंगेचे पाणी पाजले ती गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून मी ती लिहीत नाही. मी पोथीची गोष्ट लिहिणार आहे.

एकनाथ लहान वयात देवगिरीला जनार्दनस्वामींकडे शिकायला गेले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी होते. त्यांनी एकनाथांना हिशेब लिहायला दिला. एकदा एका पैची चूक आली असे सांगतात. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले. चूक काही सापडेना. पहाटे सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. एका पैसाठी झोप कोण मोडेल? मी तर नाही मोडणार. पण ही सवय त्यांना पुढे फार कामी आली.

त्या काळी मराठी पुस्तके छापत नसत. पोथी पाहिजे असली तर दुसऱ्याची समोर ठेवून हाताने उतरवून घ्यायची. काजळाची शाई आणि बोरूची लेखणी. पाने लांबट व सुटी असत. ती शिवत नसत, वरखाली लाकडी फळ्या ठेवून कापडात बांधत. कडेला तांबड्या रेघा ओढत. कोणी हौशी असला तर पहिल्या पानावर गणपती किंवा वेलबुट्टी काढी. अक्षर चुकले की त्यावर हरताळ नावाचा पिवळा रंग फासत. मोठी माणसे कामावर हरताळ फासला म्हणतात ना, ते यावरूनच आले. मामाच्या गावी मी अशी पोथी पाहिली. तिच्यात शब्द एकमेकांना चिकटून लिहिलेत, मधे जागाच नाही. मला एक ओळ पण वाचता आली नाही.

ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तिच्या सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. पुढे एकाची पाहून दुसऱ्याने उतरवली, दुसऱ्याची पाहून तिसऱ्याने. पहिल्याची चूक सगळ्यांत गेली. कोणी ओवी गाळली, कोणी आपल्या मनाची घातली. असेच चालले असते तर खरी ज्ञानेश्वरी कोणती ते कळलेच नसते.

एकनाथांच्या स्वप्नात ज्ञानेश्वर आले आणि अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागते, ती काढ म्हणाले, अशी गोष्ट सांगतात. मग एकनाथ आळंदीला जाऊन आले. नंतर पैठणला बसून त्यांनी ज्ञानेश्वरी हाती घेतली. जिथे जिथे पाठ बिघडला होता तिथे शोधून तो नीट केला. १५८४ साली भाद्रपद महिन्यात काम पुरे झाले. मी वजाबाकी केली, तोवर २९४ वर्षे झाली होती. एकनाथांना स्वतःला ओव्या सहज रचता येत. त्यांचे भागवत आणि भारुडे प्रसिद्ध आहेत. तरी ज्ञानेश्वरीत कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये, असे त्यांनी शेवटी लिहून ठेवले.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी पैठणला देह ठेवला. त्या तिथीला तिथे नाथषष्ठीची मोठी जत्रा भरते.

हे सर्व भित्तिपत्रकासाठी उतरवताना माझ्या चार चुका झाल्या. गुरुजींनी दाखवल्या. आमच्याकडे हरताळ नाही, म्हणून मी वरून कागद चिकटवला आहे.