कै. केरूनाना छत्रे

ज्या घरात पंचांग नाही असे घर आपल्यात विरळाच. मुंजीचा मुहूर्त, श्राद्धाची तिथी, ग्रहणाचा वेध आपण त्यात पाहतो. परंतु त्यातील गणित आकाशाशी जुळावे म्हणून ज्यांनी देह झिजविला, त्यांचे नाव आपल्या मुलांस ठाऊक नसते. यास्तव प्रो. विनायक लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहो.

नानांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या प्रथम चरणात अलिबागजवळील नागाव येथे झाला. शिक्षणासाठी ते चुलत्यांकडे मुंबईस आले. एल्फिन्स्टन विद्यालयात प्रो. ऑर्लेबार यांच्या हाताखाली त्यांस गणित व ज्योतिष यांची गोडी लागली आणि 1840 साली, ऐन किशोरवयात, ते कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस लागले. 1851 साली ते पुण्यास अध्यापक म्हणून आले व पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचेच शिष्य. शाळांतील मुलांसाठी नानांनी अंकगणित व पदार्थविज्ञान यांवर मराठीत पुस्तके लिहिली, हे आम्हां शिक्षकांस विशेष वाटते.

त्या काळी आपली पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून होत. तो ग्रंथ 1520 सालचा. मुळातील सूक्ष्म फरक तीन शतकांत साचत गेला आणि पंचांगातील ग्रहस्थिती व प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडू लागले. नानांनी युरोपीय गणिताच्या आधारे 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नवे पंचांगही निघू लागले. त्यास पटवर्धनी पंचांग म्हणत. परंतु तिथी बदलली की एकादशी बदलणार, श्राद्धाचा दिवस बदलणार! बहुतेक लोकांनी जुनेच पंचांग जवळ केले. नानांनी जुन्या ग्रंथकारांचा अनादर केला नाही. त्यांच्याप्रमाणेच आकाश पाहून गणित शुद्ध करावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

1879 साली ते सेवानिवृत्त झाले व 19 मार्च 1884 रोजी निवर्तले. पंचांगशुद्धीचे कार्य पुढे टिळकांनी हाती घेतले. 1920 साली सांगलीस त्यासाठी ज्योतिषसंमेलन भरले.

वाचकहो, पुढील चंद्रग्रहणाच्या रात्री पंचांगातील स्पर्शकाळ टिपून घ्यावा व घड्याळासह मुलांस गच्चीवर न्यावे. वेळ जुळलेली पाहून ती नवल करतील. त्या वेळी त्यांस नानांचे नाव अवश्य सांगावे.